तिसरी प्लेटही रिकामी

तिसरी प्लेटही रिकामीच होती. तिने ती उजेडात धरली, तिरकी केली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. जिवाणूंचा एक ठिपकाही नाही.

"ह्या वेळी तरी?" शेजारच्या टेबलावरून मैत्रिणीने विचारलं.

"मेले सगळे. आता डिंक काही मला सोडत नाही."

डिंक म्हणजे त्यांचे सर. हाताखाली आलेला विद्यार्थी सुटता सुटत नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती पसरली होती हिच्यामुळेच. बरोबरीचे सगळे प्रबंध देऊन मार्गी लागले, हिचा प्रयोगच संपेना. कोणी विचारलं की हिचं उत्तर ठरलेलं : सर सोडत नाहीत. घरीही तेच. आता दुसऱ्या शहरात चांगली नोकरी चालून आली होती, पण ह्या आठवड्यात प्रबंध दिला तरच.

प्रयोग तसा सरळ होता. डीएनएची प्रत काढताना त्याचे दोन धागे वेगळे होतात. सुटा पडलेला धागा म्हणजे भर बाजारात हात सुटलेलं पोर. तो स्वतःतच गुंतून बसतो, शिवाय त्याचे तुकडे पाडणारी विकरं टपलेलीच असतात. अशा वेळी एक प्रथिन धावून येतं, धाग्याला बिलगतं, त्याला सरळ धरून ठेवतं. जोडीचा धागा तयार होऊ लागला की बाजूला होतं. हिला वाटलं, पकड जितकी घट्ट तितका धागा सुरक्षित. म्हणून हिने घट्ट पकडीचं प्रथिन घडवलं. साध्या प्रथिनाचे जिवाणू पहिल्या प्लेटवर मजेत वाढले. दुसरीवर प्रथिन निकामी केलेलं, तिथे शुकशुकाट असणारच. पण हिच्या लाडक्या तिसरीवरही तोच शुकशुकाट!

सर आले, स्टुलावर बसले, प्लेट पाहिली.

"प्रथिन बाजूलाच होत नाही, मग जोडीचा धागा घडणार कसा? झकास उत्तर आहे. फोटो काढ आणि शेवटचं प्रकरण लिहायला बस. परवा प्रबंध देऊन टाकू."

मैत्रिणीने आ वासला. हिचा चेहरा मात्र उतरला.

"सर, अजून एकदा करून बघते ना! माझंच काही चुकलं असेल."

"आजवर दुसरं काही उत्तर आलंय?"

"नाही."

"मग दर वेळी परत करायला कोण सांगतं तुला?"

सवयीने सरांचंच नाव तिच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं. मैत्रीण कान टवकारून बसली होती.

"भीती वाटते, सर," ती शेवटी म्हणाली. "इथे चुकलं तर तुम्ही असता. तिथे कोण आहे माझं?"

तिने फोटो काढल्यावर सरांनी स्वतःच्या हाताने तिन्ही प्लेटा कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या आणि पिशवीला गाठ मारली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर तिच्या आईचं नाव पाहून ती चपापली. सरांनी फोन सरावाने कानापासून वीतभर लांब धरला. पलीकडचा आवाज तरीही सगळ्या खोलीला ऐकू येत होता.

"नमस्कार, ताई. हो, हो, नेहमीसारखं माझंच चुकलं, तिचं काही नाही. पण आज सोडली बघा तिला."