चौथ्या पट्ट्यातल्या दोघी

"तुमचीच मुलगी आहे सर, तर फैसला तर होऊनच गेला," अनिल साठे हसत म्हणाला आणि खुर्ची ओढून पुढे बसला. त्याची मुलगी जयू मागे भिंतीला टेकून उभी होती.

प्रशिक्षक शैलेंद्र पागे प्रोजेक्टरची वायर जोडत होते. उज्जैनच्या मैदानांवर पागे सर ओळखले जात ते सचोटीसाठी. सख्ख्या पुतण्याला त्यांनी एकदा संघातून वगळलं होतं, आणि ती गोष्ट दर दोन महिन्यांनी ते स्वतःच कुणाला तरी ऐकवत.

भोपाळच्या स्पर्धेसाठी शंभर मीटरला जागा एकच होती. जयू आणि सरांची मुलगी मधुरा वेगवेगळ्या फेऱ्यांत धावल्या, दोघी चौथ्याच पट्ट्यात, आणि घड्याळात वेळ सारखी निघाली. वयोगटातलं दोघींचं हे शेवटचं वर्ष. तेव्हा सरांनीच सुचवलं की दोन्ही व्हिडिओ एकमेकांवर ठेवून बघू. पिस्तूल उडालं तो क्षण फ्रेमला फ्रेम लावून जुळवला, की दोघी एकत्र धावल्यासारख्या दिसतात. सकाळभर सर एकटेच ते करत बसले होते.

हॉलचे पडदे ओढले. दुपारची पेंग होती, पंखा सावकाश फिरत होता. भिंतीवर दोन धूसर मुली एकाच जागेवरून निघाल्या. आवाज नव्हता. एकीच्या अंगातून दुसरीचा हात बाहेर यायचा, एकाच पाठीवर दोन वेण्या हलायच्या. मधेच त्या इतक्या एक झाल्या की कुणी एकच मुलगी झोपेत धावते आहे असं वाटलं. ते संपूच नये असं हॉलमध्ये सगळ्यांना वाटत होतं. मधुरा श्वास रोखून बसली होती.

रेषेपाशी दोघी वेगळ्या झाल्या. जयूचा खांदा पुढे होता.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," सर म्हणाले. "जयू जाईल."

अनिल उठून त्यांच्या पाया पडला. "माफ करा सर. मी उगीच काहीही बोलून गेलो. स्वतःच्या मुलीला हरवणारा माणूस मी तर पाहिला नाही."

टाळ्या पडल्या. सरांना फार बरं वाटलं.

फ्रीगंजमधून स्कूटरवर परतताना मधुराने बाबांच्या पाठीला डोकं टेकलं. मग म्हणाली, "बाबा, मला तर वाटत होतं, धावताना मी उडतेच आहे."

"वाटण्यावर निवड होत नाही, बाळा."

घरी येऊन ती रडत रडत झोपली. सरांनी तिच्या अंगावर चादर घातली, खोलीचं दार हळूच ओढून घेतलं आणि लॅपटॉप उघडला. सकाळी तीन फ्रेम मागे ठेवलेला तिचा व्हिडिओ पुढे घेऊन पुन्हा पिस्तुलाच्या क्षणाशी जुळवला, आणि आपल्या मुलीला जिंकताना डोळे भरून पाहिलं.