वेटोळं

"अजगरीण अंड्यांवरून उठली, तर तू बस गं बाई, पण अंडी गार पडू देऊ नकोस." सर्पालयातली जुनी मावशी हे हसत सांगायची. तिच्या हाताखाली शिकलेल्या वहिनींनी तसाच हसत शब्द दिला होता.

मावशी गेली. आज दुपारी अजगरीणही गेली. डॉक्टरांनी तिचं वेटोळं अंड्यांभोवतून हलक्या हातानं सोडवलं.

"उबवणीची पेटी उद्या येईल. तोवर ही अंडी काही टिकत नाहीत, वहिनी."

वहिनींनी एका अंड्यावर हात ठेवला. ते गार पडत चाललं होतं.

अजगरीण अंडी उबवताना अंग थरथरवायची. एक झटका, जरा विसावा, पुन्हा झटका. तीच थरथर आता वहिनींच्या दंडातून निघाली आणि सावकाश पाठीत उतरली.

"थंडी वाजतेय? भर उन्हाळ्यात?" डॉक्टर हसले.

"नाही हो. बरं वाटतंय उलट."

हाताखालचं अंडं कोमट झालं होतं.

डॉक्टर गेल्यावर वहिनींनी मनात देवाचं नाव घेतलं. चपला बाहेर काढल्या, पदर खोचला आणि पिंजऱ्याचं दार आतून लावून घेतलं.