हळदीच्या डागांचं कार्ड

समुपदेशक मॅडमच्या टेबलावर मंदाकिनीबाईंनी हळदीचे डाग पडलेलं कार्ड ठेवलं. "मुलाचं आहे. तो आता येणार नाही."

"कळलं मला," मॅडम म्हणाल्या. "मोकळेपणानं बोलायला लागला होता. मग यायचाच थांबला."

"मीच थांबवलं. मुलीकडचे येणार होते. वेड्यांच्या डॉक्टरकडे जातो म्हटल्यावर मुलगी कोण देईल? कार्ड मिसळणाच्या डब्याखाली लपवलं. त्यांनी पसंत केलं हो त्याला! आठ दिवसांनी त्यानं जीव दिला."

बाई जायला उठल्या.

"तुम्हाला झोप लागते का?"

तेराव्यापर्यंत एवढी माणसं येऊन गेली, पण हे कुणी विचारलं नव्हतं. बाई मटकन बसल्या. मॅडमनी त्यांच्या नावाचं नवं कार्ड लिहायला घेतलं.

"घरी कळू देऊ नका हं," बाई बोलून गेल्या, आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्यांनी हंबरडा फोडला.