आमचा वाघ

बलात्काराच्या आरोपात अडकलेला गावचा कबड्डीपटू दिग्विजय जामिनावर सुटला, तसं प्रांजलच्या पप्पांनी दणक्यात स्टेटस ठेवलं, ‘पोरगी खोटारडी, आमचा वाघ निर्दोष!’ सत्कारालाही ते प्रांजलला घेऊन सगळ्यांत पुढं.

गळ्यातले हार सावरत दिग्विजय म्हणाला, “मच्छूतात्या, तुमची पोरगी लई भारी रेड मारती म्हनं. महिनाभर धाडा की माझ्याकडं शिबिराला. ऱ्हायची सोय बी हाय.”

प्रांजल पप्पांच्या मागं सरकली. पप्पा आपल्या वाघाला नाही कशाला म्हणतील?

पण पप्पांनी तिचं मनगट गच्च धरलं. “न्हाई रे, तिला कबड्डी आवडतच न्हाई.”

कबड्डीचं जिल्ह्याचं मेडल तिच्या गळ्यातच होतं.



गाडीवर बसता बसता तिनं विचारलं, “पप्पा, ते स्टेटस तुमी काढता का मी काढू?”