सिंहाची सुट्टी

उद्या पोलादपूरला बाहुलीनाट्य स्पर्धा होती आणि कदमबाईंच्या वर्गातल्या मुलांना साधी गोष्ट धड सांगता येत नव्हती. सिंहाने डरकाळी फोडायची, शेळीने घाबरून पळायचं, एवढंच. पण मोज्याचा सिंह समोर आला, की श्रुतिकाच्या हातातली शेळी दर वेळी विचारायची, "बाबा, मुंबईवरनं कधी आलास?" सिंह हातात घातलेला दीपेशही सांगायचा, "आताच. सुट्टी नाय गो, उद्याच जायचं हाय." बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, सिंह आहे तो. खाईल तुला. पळ." "नाय खाणार," श्रुतिका म्हणाली, "दमून आलाय तो." वैतागून बाईंनी दीपेशचा सिंह ओढून स्वतःच्या हातात चढवला आणि डरकाळीसाठी छाती भरून श्वास घेतला. शेळी पुढे आली, काथ्याच्या आयाळीत तोंड खुपसून म्हणाली, "उद्याची गाडी चुकव ना." बाईंनी श्वास सोडून दिला. "चुकवतो," सिंह म्हणाला.