समजलं नाही, सर

“सर, परत एकदा सांगाल का? नीट समजलं नाही,” पडद्यावरची मुलगी म्हणाली.

पंप बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागातल्या काकांनी मनातल्या मनात तिला आशीर्वाद दिला आणि जळालेल्या पंपाची तक्रार कशी सोडवायची ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्यांचं काम आता बाहेरच्या कंपनीकडे जाणार होतं. मुलगी तिकडची. सगळं शिकून ती एकदा ‘समजलं’ म्हणाली, की काकांची नोकरी संपली, असं ठरलेलंच होतं.

आधी पोरगी भराभर शिकत होती आणि काका उरलेले दिवस मोजत होते. मग एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, की बायकोचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे आणि कंपनीचा विमा नोकरी आहे तोवरच. त्या दिवसापासून पोरीला काही म्हणता काही समजेना. त्यावर ना ती एक शब्द बोलली, ना काका.

एवढ्यात धाकटे मालक दार ढकलून आत आले. काकांनी घाईघाईने बटण दाबलं. पडदा काळा झाला.

“काका, नव्या यंत्रणेत पाण्यासारखा पैसा ओतलाय आम्ही. बाकीचे विभाग कधीच गेले. तुमचंच घोडं कुठे पेंड खातंय?”

“शिकवतोय, साहेब.”

“तुम्हाला शिकवता येत नाही, की तिला शिकता येत नाही? तुमचं अडत असेल तर आजच थांबवू. तिचं अडत असेल तर तिला काढायला सांगतो. दुसरं कोणी तयार होईपर्यंत तुम्ही आहातच.”

काकांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं. तरुण आहे पोरगी, तिला कुठेही काम मिळेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. त्याला फार वेळ लागला नाही.

“मठ्ठ आहे हो,” ते म्हणाले. “पालथ्या घड्यावर पाणी. दुसरं कोणीतरी मागवा.”

मालकांनी फोन लावायला खिशात हात घातला.

“सर, मी सांगू?” पडद्यातून आवाज आला. काकांच्या हातून चित्र तेवढं बंद झालं होतं.

आणि ती सांगू लागली. सील वितळलं असेल तर पंप कोरडा चालवला, चूक गिऱ्हाइकाची. सील शाबूत आणि बेअरिंग जाम, तर चूक आपली. मग कुणाला कळवायचं, बदली पंप कुठून काढायचा, गिऱ्हाईक चिडलं तर कसं शांत करायचं, सगळं. कुठे अडखळली नाही. काकांची वाक्यं तिने काकांच्याच सुरात म्हटली.

“काही राहिलं का, सर?”

“नाही,” काका म्हणाले.

मालक हसले. “हिला तर तुमच्यापेक्षा जास्त समजतंय. आजच आटपून टाका, काका.” आणि ते निघून गेले.

काका आवाजाचं बटण शोधत राहिले.

“सर,” ती नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली, “काकूंच्या ऑपरेशनची तारीख कुठली म्हणालात?”