कोल्हापूरची पकड

कोल्हापूरच्या कबड्डी संघाने दिग्विजय सरनोबतला नागपूरच्या संघाला दिलं, तेव्हा नियमाप्रमाणे कोल्हापुरातल्या सगळ्या वर्षांची आठवण त्याच्या मेंदूतून पुसण्यात आली. जुने डावपेच बाहेर जाऊ नयेत, म्हणून.

पहिल्याच सरावात त्याने नागपूरच्या कप्तानाचा, नरेश उईकेचा, घोटा असा काही पकडला की उईके संशयानेच उठला.

"ही कोल्हापूरची पकड आहे. हा काहीएक विसरलेला नाही," तो प्रशिक्षकांना म्हणाला. "मुद्दाम पाठवलाय आपल्याकडे. करार रद्द करा."

"हात आपोआप गेले हो," दिग्विजय कळवळून म्हणाला. कुणाचा विश्वास बसेना.

शेवटी प्रशिक्षकांनी त्याच्या बायकोला, शर्वरीला, बोलावून घेतलं.

"खरं सांगा ताई, घरी तिथलं काही बोलतो का हा?"



"सर, आमचं लग्न कोल्हापुरातच झालं. फोटो दाखवले, तेव्हा कुठे यांनी मला घरात घेतलं. अजून मॅडम म्हणतात."

उईकेने मान खाली घातली. प्रशिक्षकांनी दिग्विजयला मैदानात जायला सांगितलं. जाताना त्याने शर्वरीला अदबीने नमस्कार केला.